किनारा नसलेल्या देशांची बंदरं
वाचक विचारतात

गेल्या अंकात कोलकात्यातल्या माझ्या नोकरीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यात ‘नेपाळचा माल’ असा उल्लेख आला आणि त्यावरच पत्रं सुरू झाली. नेपाळला समुद्र नाही, मग गोदीत त्याचा माल कसा, असं बहुतेकांनी विचारलंय. १९९४ ते २००७ अशी तेरा वर्षं मी तिथे एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे कस्टम्सचे कागद करून बंदरातला माल सोडवून देणाऱ्याच्या, ऑफिसात होते आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ याच मालाच्या कागदांत गेला. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून या वेळची पाचही पत्रं त्याच विषयावरची घेतली आहेत.

प्रश्न : नववीच्या वर्गात भूवेष्टित देश शिकवत होतो. एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘सर, चीन-जपानहून बोटीने आलेला माल नेपाळला जातो, तेव्हा तो आधी भारतात येतो. मग त्याच्यावर कर दोनदा बसतो का?’ मला नीट उत्तर देता आलं नाही.
— भूगोल शिक्षक, जत (जि. सांगली)

सर, प्रश्न फार नेमका आहे. त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. उत्तर असं की कर एकदाच बसतो आणि तो नेपाळ घेतं. भारत फक्त वाट देतो. पण ती वाट देताना भारताला एक धास्ती असते, आणि सगळी कागदपत्रं त्या धास्तीपोटी जन्माला आलेली आहेत.

शांघायहून काठमांडूला निघालेला एक कंटेनर डोळ्यांसमोर आणा. मोठं जहाज कोलकात्याला येतच नाही. ते नदीवरचं बंदर आहे. समुद्रातून हुगळीत शिरून दोनशे किलोमीटरहून जास्त आत यावं लागतं, गाळ सतत साचतो, नदीतली वाट दाखवणारा पायलट घेतल्याशिवाय जहाज हलत नाही आणि भरतीची वेळ साधूनच गोदीच्या दारातून आत शिरता येतं. म्हणून मोठं जहाज हा कंटेनर सिंगापूर किंवा कोलंबोला उतरवतं आणि तिथून लहान जहाज तो खिदिरपूरकडच्या गोदीत आणून टाकतं. इथवरच आठवडे गेलेले असतात.

आता कंटेनर भारताच्या जमिनीवर आला. भारतासाठीचा माल असता तर आयात शुल्क भरून सुटला असता. नेपाळचा माल ‘ट्रान्झिट’ म्हणून, म्हणजे फक्त वाटेने पुढे जाणारा माल म्हणून, जातो. त्यासाठी कस्टम्स ट्रान्झिट डिक्लेरेशन नावाचा कागद असतो. आम्ही सगळे त्याला सीटीडीच म्हणायचो. त्यात मालाचं वर्णन, वजन, किंमत, कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर आणि कोणत्या नाक्यावरून जाणार ते लिहायचं. शिवाय माल वाटेत गायब झाला तर भारताचा जेवढा कर बुडेल तेवढ्या रकमेची हमी द्यायची, बहुतेक करून विम्याच्या रूपात. धास्ती म्हणतात ती हीच. नेपाळच्या नावाने बिनकराचा उतरलेला माल पाटण्याच्या बाजारात विकला गेला तर? दोन्ही देशांची सीमा उघडी आहे, माणसं पासपोर्टशिवाय ये-जा करतात. त्यामुळे ही भीती अगदीच खोटी नाही.

मग सील शाबूत आहे हे पाहून कंटेनर सुटायचा आणि ट्रेलरवर चढून बिहारमधल्या रक्सौलला जायचा. कोलकात्याहून हे अंतर साधारण सातशे किलोमीटर. रक्सौलला भारताचं कस्टम्स खातं सील आणि कागद ताडून पाहतं, शिक्का मारतं. पलीकडे वीरगंज, तिथे नेपाळचं कस्टम्स नेपाळचा कर घेतं. शिक्का मारलेली प्रत कोलकात्याला परत आली की प्रकरण बंद होतं.

प्रकरण बंद झालं तरी खर्च थांबत नाही. कंटेनर हा जहाज कंपनीच्या मालकीचा डबा. तो रिकामा करून कोलकात्याला परत द्यायचा असतो. ठरलेले दिवस फुकट, त्यापुढे रोजचं भाडं, त्याला डिटेन्शन म्हणतात. आणि गोदीत माल पडून राहिला तर बंदराचं वेगळं भाडं, ते डेमरेज. मुंबईच्या व्यापाऱ्याचा डबा न्हावाशेवाहून भिवंडीला जाऊन दोन दिवसांत परत येतो. वीरगंजच्या व्यापाऱ्याचा डबा सातशे किलोमीटर जातो, दोन देशांच्या दोन कस्टम्समधून जातो आणि तेवढाच परत येतो. तोवर दोन्ही मीटर चालू.

यातला एक प्रसंग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. वीरगंजचा एक व्यापारी शिवणयंत्रांचे सुटे भाग मागवायचा. वर्षाला दोन-तीन कंटेनर, लहान कारभार. एका वर्षी कालीपूजेच्या आधी त्याचा डबा कोलकात्याहून सुटला आणि रक्सौलला अडकला. सीलवर नंबरात शेवटी सात होता, आमच्या कागदावर एक. चूक आमच्या टायपिस्टची, आणि ‘तपासलं’ म्हणून सही माझी. तिथला अधिकारी म्हणाला, नंबर जुळत नाही म्हणजे सील बदललेलं असू शकतं. त्याच्या जागी मी असते तर मीही सोडला नसता. दुरुस्ती कोलकात्याच्या कस्टम्सकडूनच व्हायला हवी होती. मध्ये कालीपूजा, दिवाळी, मग छठ. बिहारमध्ये छठला सगळं थांबतं. शेवटी दुरुस्तीचं पत्र पोस्टाने न पाठवता मीच हावड्याहून मिथिला एक्स्प्रेसने घेऊन गेले.

रक्सौलच्या यार्डात तो ट्रेलर धूळ खात उभा होता. चालकाने डब्याखालीच चूल मांडलेली, लिट्टी भाजत बसला होता. व्यापारी वीरगंजहून टांग्याने आला. त्याच्याकडे एक लाल कापडी बांधणीची वही होती. प्रत्येक कंटेनरला एक पान, आणि पानावर दिवसांची रेघ. जहाज लागल्यापासून रोज एक उभी रेघ, पाच झाल्या की आडवी. आमच्या डब्याच्या पानावर रक्सौलमधल्या एकोणीस रेघा होत्या. त्याने त्या मला मोजून दाखवल्या. आवाज चढवला नाही. म्हणाला, ‘दीदी, या बाराव्या रेघेपर्यंत मला नफा होता.’

ऑफिसने नंतर थोडी भरपाई दिली, सगळी नाही. त्यानंतर मी प्रत्येक सील नंबर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने तो लिहायचा असा नियम घातला, तो मी असेपर्यंत चालला.

पुढे गोष्टी सुधारल्या. २००४ मध्ये वीरगंजजवळ सिर्सियाला ड्राय पोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूर जमिनीवरचं कंटेनरचं बंदर, सुरू झालं. नेपाळीत ‘सुक्खा बन्दरगाह’. रक्सौलपासून पाच-सहा किलोमीटर रूळ पुढे नेले आणि कोलकात्याची कंटेनर गाडी थेट नेपाळच्या हद्दीत जायला लागली. रक्सौलच्या रस्त्यावरच्या ट्रकांच्या रांगा ज्याने पाहिल्यात त्यालाच याची किंमत कळेल. मी निवृत्त झाल्यावर इलेक्ट्रॉनिक कुलूप आलं. डब्याला लावलेलं हे कुलूप उपग्रहावरून आपला ठावठिकाणा कळवतं, वाटेत कुणी उघडलं तर तेही कळवतं. त्यामुळे कागदांचा बराच भार हलका झाला. आणि २०१६ मध्ये भारताने विशाखापट्टणमही नेपाळला खुलं केलं. तिथून वीरगंज कोलकात्याच्या जवळजवळ दुप्पट लांब, पण बंदर खोल, मोठी जहाजं थेट लागतात, सिंगापूरला जहाज बदलावं लागत नाही. अंतर वाढूनही दिवस कमी होऊ शकतात. मुलांना नकाशा शिकवताना एवढं जरूर सांगा सर, की हा व्यापार किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, दिवसांत मोजतात.

प्रश्न : समुद्र कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भूवेष्टित देशांना समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क दिला आहे. तरी नेपाळची १९८९ आणि २०१५ मध्ये कोंडी झाली. हक्क असताना हे कसं होतं?
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे

तुझा अभ्यास चांगला आहे, पण कलम पूर्ण वाच. १९८२ च्या त्या कराराचं १२५ वं कलम. पहिल्या परिच्छेदात हक्क आहे आणि शेजारी देशातून माल नेण्याचं स्वातंत्र्यही आहे. दुसरा परिच्छेद म्हणतो की अटी आणि पद्धत संबंधित देशांनी आपसात करार करून ठरवायची. तिसरा म्हणतो की वाट देणाऱ्या देशाला आपल्या न्याय्य हितांचं रक्षण करता येईल. म्हणजे हक्क कायद्याने दिला, पण त्याची किल्ली शेजाऱ्याच्या कनवटीला. भारताने हा करार १९९५ मध्ये मंजूर केला, नेपाळने १९९८ मध्ये.

१९८९ चं तू विचारतोस ते असं झालं. व्यापाराचा आणि ट्रान्झिटचा असे दोन वेगळे करार १९७८ पासून होते. व्यापार आणि वाट एकाच करारात बांधलेली नको, हा नेपाळचा आग्रह तेव्हा मान्य झाला होता. भारताला पुन्हा एकच करार हवा होता, नेपाळ तयार नव्हतं, आणि नेपाळने चीनकडून शस्त्रं घेतल्याने दिल्ली आधीच नाराज होती. २३ मार्च १९८९ ला मुदत संपली आणि दोन नाके सोडून बाकीचे बंद झाले. रॉकेलसाठी काठमांडूत रांगा लागल्या. सव्वा वर्षाने, नेपाळात राजाची पक्षविरहित पंचायत राजवट जाऊन नवं सरकार आल्यावर, गाडी रुळावर आली.

मी कोलकात्यात आले ती यानंतर पाच वर्षांनी. तरीही नेपाळी व्यापाऱ्यांशी बोलताना तो विषय महिन्यातून एकदा तरी निघायचा. आपल्याकडे ७२ च्या दुष्काळाचं जसं होतं तसं.

२०१५ ची गोष्ट वेगळी. एप्रिलमध्ये भूकंप झाला होता, सप्टेंबरात नवी राज्यघटना आली आणि तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातल्या, मधेशी लोकांनी तिच्याविरुद्ध आंदोलन करत नाके अडवले. भारताचं म्हणणं, हे नेपाळमधलं आंदोलन आहे, चालकांना पुढे जायची भीती वाटते. नेपाळ सरकारचं म्हणणं, ही अघोषित नाकेबंदी आहे. फेब्रुवारी २०१६ पर्यंत हे चाललं. भूकंपाने घर गेलेल्या माणसाने थंडीत गॅसशिवाय चार महिने काढले, हे मात्र कुणीही नाकारलेलं नाही. आणि आपला देश असला तरी मला ते बोचलं. वाट देणाऱ्याच्या अंगावर जबाबदारी असते, ती मोठ्या भावाने अधिकच ओळखायला हवी.

त्याचा परिणाम बघ. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी वाहतुकीचा करार केला. २०१९ च्या पूरक कराराने थ्येनचिन, शेन्झेन, ल्येनयुनगांग आणि चानच्यांग ही चार बंदरं कागदावर खुली झाली. थ्येनचिन काठमांडूपासून तीन हजार किलोमीटरहून लांब, वाटेत हिमालय. कोलकात्याची जागा ते घेणार नाही, पण वाटाघाटीच्या टेबलावर नेपाळच्या हातात आता दुसरं पान आहे. १ जून २०२३ ला भारताबरोबरचा ट्रान्झिट करार नव्याने झाला, त्यात नेपाळला भारतातले अंतर्गत जलमार्गही मिळाले.

परीक्षेसाठी तुलना हवी असेल तर बोलिव्हिया घे. १८७९ ला सुरू झालेल्या युद्धात चिलीने त्यांचा किनारा घेतला. १९०४ च्या तहाने बोलिव्हियाला चिलीच्या बंदरांतून कायमची मोकळी वाट मिळाली. तरी त्यांना स्वतःचा किनारा हवाच आहे. चिलीने त्यासाठी वाटाघाटी कराव्यात म्हणून ते आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १ ऑक्टोबर २०१८ ला १२ विरुद्ध ३ मतांनी निकाल आला की चिलीवर तसं कायदेशीर बंधन नाही. बोलिव्हियाचं नौदल आजही टिटिकाका सरोवरात आहे आणि २३ मार्चला ते समुद्रदिन पाळतात. १९८९ ची तारीखही २३ मार्चच. योगायोग आहे, पण ते वाचताना मी थबकले होते.

प्रश्न : माझा मुलगा जहाजावर आहे. त्याने एका मालवाहू जहाजाचा फोटो पाठवला, मागे ‘बासेल’ लिहिलेलं. स्वित्झर्लंडला समुद्र नाही ना? खरंच असं असतं का?
— एक आई, रत्नागिरी

असतं ताई, आणि अगदी कायदेशीर असतं. किनारा असो वा नसो, प्रत्येक देशाला आपल्या झेंड्याखाली जहाज चालवता येतं. १९२१ मध्ये बार्सिलोनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हे मान्य झालं आणि पुढच्या समुद्र कायद्यातही आलं. स्वित्झर्लंडने दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, आपला झेंडा समुद्रात आणला. चहूबाजूंनी युद्ध, आणि धान्य आणायचं तर आपल्या हुकमातली जहाजं हवीत म्हणून. बासेल हे त्या जहाजांचं घरचं बंदर, ऱ्हाईन नदीवरचं. नदीतून लहान बोटी रॉटरडॅमपर्यंत खरोखर जातात, पण तुमच्या मुलाने पाहिलेलं जहाज बासेलला कधीच पोचणार नाही, तेवढं पाणी तिथे नाही. आणखी एक सांगते. आज जगातली सगळ्यात मोठी कंटेनर जहाज कंपनी, एमएससी, तिचं मुख्यालय जिनिव्हाला आहे.

मंगोलियाचा झेंडाही समुद्रात दिसतो. तिथली नोंदणी सिंगापुरातून चालते. अशा जहाजांचा मालक तिसऱ्याच देशातला असू शकतो. म्हणून मुलाला एक नक्की सांगा : करारावर सही करताना झेंडा कुणाचा, हे पाहायचंच, पण मालक कोण आणि विमा कुणाचा हेही पाहायचं. पगार अडला तर दार कुणाचं ठोठवायचं ते त्यावर ठरतं.

प्रश्न : माझे वडील साठच्या दशकात इथिओपियात शिक्षक होते. ते मसावा बंदराच्या गोष्टी सांगायचे. आता वाचते तर इथिओपिया भूवेष्टित! वडिलांची आठवण चुकीची की माझं वाचन?
— निवृत्त मुख्याध्यापिका, कोल्हापूर

बाई, दोन्ही बरोबर. सम्राट हैले सेलासींच्या काळात भारतातून पुष्कळ शिक्षक तिकडे गेले, तेव्हा मसावा आणि असाब ही बंदरं इथिओपियाच्याच ताब्यात होती. एरिट्रिया १९५२ मध्ये इथिओपियाशी संघराज्य म्हणून जोडला गेला, १९६२ मध्ये पूर्ण विलीन केला गेला, आणि मोठ्या लढ्यानंतर १९९३ मध्ये स्वतंत्र झाला. किनारा त्याच्याबरोबर गेला. त्यानंतरही पाच वर्षं इथिओपिया असाब वापरत होता. १९९८ मध्ये दोघांत युद्ध पेटलं आणि ती वाट बंद झाली.

तेव्हापासून दहा कोटींहून जास्त लोकांचा हा देश जवळजवळ सगळा समुद्री व्यापार जिबुती या चिमुकल्या देशातून करतो. नेपाळला निदान कोलकाता-विशाखापट्टणम अशी निवड आहे. इथे एकच दार, आणि त्या दाराचं भाडं परकीय चलनात. अदिस अबाबा ते जिबुती फ्रेंचांनी बांधलेली जुनी रेल्वे होती, तिच्या जागी साडेसातशे किलोमीटरची विजेवर चालणारी नवी रेल्वे २०१८ पासून नियमित धावते. चिनी कंपन्यांनी बांधली. १ जानेवारी २०२४ ला इथिओपियाने सोमालीलँडशी किनाऱ्यासाठी समझोता केला, तर सोमालिया खवळला, कारण सोमालीलँडला तो आपलाच भाग मानतो. वर्षअखेरीस तुर्कस्तानने मध्यस्थी करून इथिओपिया आणि सोमालियाला अंकारात एकत्र बसवलं.

तुमच्या वडिलांकडे मसावाचे फोटो असतील तर जपून ठेवा. त्या फोटोंतला इथिओपियाचा झेंडा आता तिथे नाही.

प्रश्न : मला यंत्रमागाचं कापड नेपाळला पाठवायचं आहे. ते कोलकाता बंदरातून पाठवावं लागेल का?
— कापड व्यापारी, इचलकरंजी

नाही भाऊ. बंदराची भानगड तिसऱ्या देशाच्या मालाला. तुमचा माल ट्रकने थेट सीमेवरच्या सोनौली किंवा रक्सौलला जाईल, निर्यातीचे कागद करून. पैसे भारतीय रुपयात घेता येतात. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून बांधलेलाच आहे, आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. नेपाळचा कर तिकडचा घेणारा भरेल, ते सौद्यात आधीच लिहून घ्या. आणि गाडी सीमेवर शुक्रवारी संध्याकाळी पोचेल अशी लावू नका. माझ्या काळात शनिवारी नेपाळची सुट्टी, रविवारी आपली. दोन दिवस चालक तिथेच अडकायचा. सोमवारी सकाळी नाक्यावर हजर होईल असा हिशेब करून इचलकरंजीहून गाडी सोडा.